अंतराळांतील जोडणी व तिचा घरबसल्या अभ्यास

आगगाडीच्या स्टेशनांत इंजिनास डबे जोडतांना तुम्ही पुष्कळ वेळां पाहिलें असेल. इंजिन हळूहळू मागें येतें, रुळांच्या बाजूस उभा असलेला मनुष्य हातांतील बावटा हालवून इशारा करतो, धक्का बसतो, आणि मग सांखळी अडकविली जाते. हें काम सोपें दिसतें, याचें कारण असें कीं, रूळ डब्यास डावीउजवीकडे किंवा वरखालीं जाऊंच देत नाहींत. चालकानें सांभाळावयाची गोष्ट एकच, ती म्हणजे पुढेंमागें जाण्याचा वेग. आतां अशी कल्पना करा कीं, रूळ नाहींत, जमीन नाहीं, ब्रेक नाहीं. डबा व इंजिन दोन्ही सेकंदास साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगानें पृथ्वीभोंवतीं धांवत आहेत. आणि दोहोंचीं तोंडें चार बोटांच्या फरकाच्या आंत एकमेकांस जुळावयाचीं आहेत. यालाच अंतराळयानांची जोडणी, अथवा रूढ इंग्रजी शब्दानें डॉकिंग, असें म्हणतात.

ही विद्या मनुष्यास साधली नसती तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक अस्तित्वांतच आलें नसतें. १९९८ सालापासून त्याचे भाग एकामागून एक वर नेऊन जोडण्यांत आले, आणि नोव्हेंबर २००० पासून तेथें मनुष्यवस्ती अखंड चालू आहे. तेथील माणसांचें अन्न, पाणी, औषधें, कपडे, किंबहुना तीं माणसें स्वतः, सर्व कांहीं खालून जाणाऱ्या यानांनीं स्थानक गांठल्यावरच आंत पोंचतें.

जोडणीचें हें काम यंत्रांच्या आधारें कसें साधतात तें या लेखांत आम्ही सांगणार आहों. खऱ्या यानांत बसून हा लेख वाचण्याची पाळी आमच्या वाचकांपैकीं कोणावर आज येणार नाहीं हें उघड आहे. परंतु यानाचें हुबेहुब अनुकरण करणारे कार्यक्रम हल्लीं घरच्या संगणकावर चालतात. त्यांस सिम्युलेटर म्हणतात. मार्टिन श्वायगर नांवाच्या शास्त्रज्ञानें तयार केलेला 'ऑर्बिटर' हा सिम्युलेटर इ. स. २००० मध्यें प्रथम बाहेर पडला. तो विनामूल्य मिळतो. दुसरा एक लहानसा सिम्युलेटर स्पेसएक्स कंपनीनें मे २०२० मध्यें सर्वांकरितां खुला केला. त्यांत केवळ शेवटल्या जोडणीचाच अभ्यास आहे, व त्यांतील फलक कंपनीच्या ड्रॅगन यानांतील फलकासारखाच आहे.

पालकवर्गांपैकीं कांहींची समजूत अशी असते कीं, संगणकाच्या पडद्यावर जें जें चालतें तें सर्व खेळांत मोडतें. पुष्कळ बाबतींत ती समजूत खरीहि असते. परंतु ऑर्बिटरमध्यें केप्लर व न्यूटन यांचे नियम खरोखरीच लागू केलेले असल्यामुळें, जो ते नियम जाणत नाहीं त्याचें यान स्थानकापर्यंत पोंचतच नाहीं. बोटांच्या चपळाईस तेथें बक्षीस मिळत नाहीं. उलट चपळ बोटेंच बहुधा घात करतात.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. स्थानक पुढें दिसत आहे, तर यानाचें नाक तिकडे करावें व मागून झोत सोडावा, म्हणजे आपण तेथें पोंचूं, असें कोणासहि वाटेल. १९६५ सालच्या जून महिन्यांत जेमिनी ४ या अमेरिकन यानाचे चालक जेम्स मॅक्डिव्हिट यांनीं असेंच करून पाहिलें. ज्या अग्निबाणानें त्यांस वर नेलें होतें त्याचा रिकामा दुसरा टप्पा जवळच तरंगत होता. त्याच्याजवळ जाण्याचा प्रयोग करावयाचा होता. अंतर मोजणारें रडार त्यांच्या यानावर नव्हतें. त्यांनीं टप्प्याच्या दिशेनें नाक धरून झोत सोडले. परंतु टप्पा जवळ येण्याऐवजीं खालीं व दूर जाऊं लागला. इंधन भराभर खर्चूं लागलें, तेव्हां तो प्रयोग सोडून द्यावा लागला. मॅक्डिव्हिट हे कसलेले वैमानिक होते. परंतु विमानाची रीत येथें लागू पडत नाहीं.

असें कां व्हावें? याचें उत्तर केप्लरनें १६१९ सालींच देऊन ठेविलें आहे. हा सत्पुरुष ग्रहांच्या गतींत परमेश्वराची योजना शोधीत होता, आणि त्यास सांपडलेला तिसरा नियम असा कीं, ग्रह जितका दूर तितका त्याच्या फेरीस लागणारा काळ अधिक, व तोहि ठराविक प्रमाणांत अधिक. हाच नियम पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या यानांस लागतो. पुढें जाण्यासाठीं तुम्ही झोत सोडलात कीं यान वरच्या, मोठ्या कक्षेंत चढतें. तेथें वाट लांबची व चाल मंद, म्हणून कांहीं वेळानें तें मागें पडतें. उलट वेग कमी केला तर यान खालच्या, आंखूड वाटेनें जातें व पुढें निघतें. ज्यास पुढच्यास गांठावयाचें असेल त्यानें आधीं मंद व्हावें, अशी ही विलक्षण शर्यत आहे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं हें आकड्यांनीं पडताळून पाहावें. समजा, स्थानक पृथ्वीच्या पृष्ठापासून ४०० किलोमीटर उंच आहे. त्याची एक फेरी सुमारें साडेब्याण्णव मिनिटांत, म्हणजे सुमारें ५,५५० सेकंदांत पुरी होते. तुमचें यान त्याहून १० किलोमीटर खालच्या वर्तुळाकार कक्षेंत असेल, तर दर फेरीस तें किती किलोमीटर पुढें जाईल? उंचींतील फरकास ३ नें व नंतर ३.१४ नें गुणावें. उत्तर ९४ किलोमीटर येतें. आतां दुसरें उदाहरण घ्या. स्थानकाच्याच कक्षेंत, पण त्याच्या मागें असतांना, अधीर होऊन तुम्ही पुढच्या दिशेस सेकंदास फक्त १ मीटर इतका वेग वाढविलात. फेरीच्या काळाची तिप्पट करून या वेगानें गुणा: एका फेरीनंतर तुम्ही होतां त्याहून सुमारें साडेसोळा किलोमीटर मागें असाल! सेकंदास १ मीटर म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग. इतक्याशा चुकीचें इतकें मोठें व्याज अन्यत्र क्वचितच द्यावें लागत असेल.

म्हणून दूरच्या टप्प्यांत खिडकीकडे पाहून कांहींच उपयोग नाहीं. ऑर्बिटरमध्यें याकरितां दोन निराळे फलक दिलेले आहेत: एक दोन्ही कक्षांचें प्रतल जुळविण्यासाठीं व दुसरा कोणत्या फेरींत दोन्ही यानें एकाच ठिकाणीं एकाच वेळीं येतील हें दाखविण्यासाठीं. त्यांचा तपशील येथें देत नाहीं; कार्यक्रमाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत तो सविस्तर आहे, व तेथें नुसते आकडे पाहून वाट बघण्याचेंच काम अधिक आहे. खरी कसोटी शेवटल्या कांहीं शें मीटरांत लागते, आणि आमचा मुख्य विषय तोच आहे.

इतक्या जवळ आल्यावर केप्लरचे नियम कांहीं लोप पावत नाहींत; परंतु चारदोन मिनिटांच्या कामांत त्यांचा परिणाम अल्प असतो, आणि यान आतां बरेंचसें न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणें सरळ रेषेंत वागतें. हा नियम परीक्षेंत सर्वांस पाठ येतो; परंतु त्याचा खरा अर्थ पहिल्यांदा जोडणी करतांना ध्यानांत येतो. डावीकडे एक झोत दिला कीं यान डावीकडे सरकूं लागतें, आणि बोट उचलल्यावरहि सरकतच राहतें. थांबविणारें तेथें कोणी नाहीं. हवा नाहीं, घर्षण नाहीं. जितका झोत दिला तितकाच उलट दिशेनें दिल्यावांचून तें थांबत नाहीं. होडी धक्क्यास लावणारा नावाडी वल्हें थांबवितो तेव्हां पाणी त्याच्या मदतीस येतें; येथें उसनें घेतलेलें सर्व आपणच फेडावयाचें.

शिवाय येथें हालचालींचे दोन अगदीं निराळे प्रकार आहेत, व त्यांची गल्लत हा नवशिक्यांचा सार्वत्रिक दोष आहे. एक 'वळणें', म्हणजे यान जागच्या जागीं राहून त्याचें नाक वरखालीं होणें, डावीउजवीकडे होणें, किंवा झोपलेला मनुष्य कुशीवर वळतो तसें त्यानें स्वतःभोंवतीं लोळणें. दुसरा 'सरकणें', म्हणजे नाक आहे त्याच दिशेस ठेवून सबंध यानानें वर, खालीं, बाजूस, पुढें किंवा मागें जाणें. तीन प्रकारचें वळणें व तीन प्रकारचें सरकणें मिळून एकंदर सहा गोष्टी सांभाळावयाच्या असतात. आगगाडीच्या चालकास, आम्ही वर म्हटल्याप्रमाणें, एकच. ऑर्बिटरमध्यें कळफलकाच्या उजव्या बाजूस असलेल्या आकड्यांच्या कळांनीं हें सर्व होतें: तेथील भागाकाराचें चिन्ह दाबलें म्हणजे त्याच कळा वळविण्याऐवजीं सरकविण्याचें काम करूं लागतात, ५ ची कळ दाबली म्हणजे सर्व वळणें थांबतें, आणि कंट्रोल नांवाची कळ दाबून धरली म्हणजे झोताचा जोर दहाव्या हिश्श्यावर येतो. या शेवटल्या कळेची ओळख जितकी लवकर होईल तितकें बरें.

आतां जोडणीच्या फलकाकडे वळूं. त्याच्या मध्यें एक वर्तुळ असतें, व त्यांत एकाच वेळीं चार खुणा हालत असतात, त्यामुळें प्रथम पाहणारा गोंधळतो. परंतु प्रत्येक खूण एकेका निराळ्या प्रश्नाचें उत्तर देते, आणि प्रश्न ध्यानांत ठेवला म्हणजे खूण आपोआप समजते.

पहिली खूण गुणाकाराच्या चिन्हासारखी फुली. ती विचारते, 'स्थानकाच्या दाराच्या आंसाशीं तुझ्या यानाचा आंस समांतर आहे काय?' नसेल तर ती मध्यापासून दूर असते व लाल दिसते. चूक पुरेशी कमी झाली म्हणजे पांढरी होते. ही चूक वळूनच सुधारते, सरकून कधींहि नाहीं. दुसरी खूण वर्तुळाच्या कडेशीं फिरणारा एक लहान बाण. यान स्वतःभोंवतीं लोळून दाराच्या मानानें तिरपें झालें आहे काय, हें तो सांगतो. घड्याळांतील बाराच्या जागीं तो आणून ठेवावा लागतो. फुली मध्याजवळ आल्याशिवाय हा बाण दिसतच नाहीं. कारण स्पष्ट आहे: तोंडच दुसरीकडे असतां डोकें तिरपें आहे कीं सरळ, या चौकशीस अर्थ नसतो.

तिसरी खूण हिरव्या अधिकचिन्हाची. स्थानकाच्या दारांतून बाहेर सरळ एक अदृश्य रेषा काढली आहे असें समजा. त्या रेषेवर आपण आहों कीं तिच्या डावीउजवीकडे, वरखालीं, हें ती दाखविते. अधिकचिन्ह डावीकडे असेल तर यानानें डावीकडे सरकावें. नेमकें येथेंच नवशिक्या चुकतो. अधिकचिन्ह डावीकडे दिसलें कीं तो यानाचें नाक डावीकडे वळवितो. त्यासरशीं जुळलेली फुली सुटते, मग फुलीच्या मागें लागावें तों अधिकचिन्ह आणखी लांब जातें, आणि पांचच मिनिटांत इंधन व धीर दोन्ही संपतात. चवथी खूण पिंवळ्या बाणाची. आपण त्या रेषेस आडवे कोणत्या दिशेनें व किती वेगानें वाहत चाललों आहों, हें त्या बाणाच्या दिशेवरून व लांबीवरून कळतें. याशिवाय बाजूस दोन आकडे, स्थानकाचें अंतर व जवळ जाण्याचा वेग.

आमच्या मतें या सर्वांत पिंवळ्या बाणाची किंमत सर्वाधिक आहे, कारण तो सांगतो तें डोळ्यांस मुळींच दिसत नाहीं. उदाहरण घ्या. स्थानक १०० मीटरांवर आहे, तुम्ही सेकंदास अर्धा मीटर वेगानें जवळ जात आहां, आणि त्याच वेळीं सेकंदास ५ सेंटिमीटर इतके बाजूस वाहत आहां. इतक्या अंतरावरून हें वाहणें मिनिटास पावणेदोन अंशांहूनहि कमी भासतें. घड्याळाचा मिनिटकांटासुद्धां याच्या तिप्पटीहून अधिक जलद फिरतो. त्या कांट्याची हालचाल जर नुसत्या नजरेस कळत नाहीं, तर ही कशी कळावी? परंतु स्थानकापाशीं पोंचण्यास २०० सेकंद लागतील, आणि तेवढ्या वेळांत तुम्ही १० मीटर बाजूस गेलेले असाल. दार एकीकडे, यान दुसरीकडे, आणि मध्यें कदाचित् सौरपत्र्यांचा लांबलचक पंखा.

अंतराळांत डोळा फसतो याचीं आणखीहि कारणें आहेत. हवा नसल्यामुळें दूरची वस्तु धूसर होत नाहीं. लांबचें व जवळचें सारखेंच ठसठशीत दिसतें. शेजारीं झाड, घर, मनुष्य असें ओळखीचें कांहीं नसतें कीं ज्याच्या मानानें आकार ताडावा. आणि दर पाऊण तासानें दिवसाची रात्र होते. सोव्हिएट अंतराळवीर गेओर्गी बेरेगोव्हॉय हे ऑक्टोबर १९६८ मध्यें सोयुझ ३ मधून गेले असतां सोयुझ २ या निर्मनुष्य यानाशीं त्यांना जोडणी करावयाची होती, व ती अंधारांत करावयाची होती. दिव्यांच्या मांडणीवरून दिशा ओळखावयाची; परंतु त्यांचें यान समोरच्या यानाच्या मानानें उलटें, म्हणजे अर्धा फेरा लोळलेलें होतें, हें त्यांच्या वेळेवर ध्यानांत आलें नाहीं. जोडणीसाठींचें इंधन संपलें व ती झालीच नाहीं. आमच्या फलकावरील दुसऱ्या खुणेचें महत्त्व ज्यास पटत नसेल त्यानें ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

एवढें समजल्यावर क्रम सोपा आहे. स्थानकापासून दोनतीनशें मीटरांवर पूर्ण थांबावें. म्हणजे जवळ जाण्याचा वेग शून्य व पिंवळा बाण नाहींसा. मग वळून फुली मध्यावर आणावी, नंतर लहान बाण बारावर. त्यानंतर वळण्याच्या कळांस हात लावूं नये. आतां सरकून हिरवें अधिकचिन्ह मध्यावर आणावें, व तें मध्याशीं येत आहे असें दिसतांच उलट झोत देऊन पिंवळा बाण मिटवावा. हें सर्व झाल्यावरच पुढें जाण्याचा विचार. एका वेळीं एकच गोष्ट सुधारावी. दोन खुणांच्या मागें एकदम लागणारा दोहोंसहि मुकतो.

पुढें जाण्याचा वेग किती असावा? आरंभीं आम्ही असा नियम सुचवितों कीं, दर सेकंदाचा वेग उरलेल्या अंतराच्या दोनशेव्या भागाहून अधिक नसावा. २०० मीटरांवर सेकंदास १ मीटर, १०० मीटरांवर अर्धा, २० मीटरांवर १० सेंटिमीटर. या नियमांत गणिताची एक गंमत आहे. तो तंतोतंत पाळल्यास अंतर निम्में होण्यास दर खेपेस सारखाच वेळ, म्हणजे सुमारें २ मिनिटें १९ सेकंद लागतो, मग तें २०० चें १०० होवो कीं २५ चें साडेबारा. २०० मीटरांवरून साडेबारा मीटरांपर्यंत येण्यास असे चार टप्पे, म्हणजे सव्वानऊ मिनिटें. (हाच नियम शेवटपर्यंत पाळीत राहिल्यास यान स्थानकापर्यंत कधींच पोंचणार नाहीं! कां, तें गणिताच्या शिक्षकांस विचारावें.) म्हणून अखेरीस सेकंदास ५ ते १० सेंटिमीटर हा वेग कायम ठेवून दारास लागावें. स्पेसएक्सच्या सिम्युलेटरांत तर जुळणीचे हिरवे आकडे ०.२ च्या आंत आल्यावांचून जोडणी यशस्वी धरीत नाहींत, व तेथें पहिल्या प्रयत्नांत उतावीळ मुलांचें यान स्थानकावर आदळतें.

अंतर व वेग सांगणारे हे दोन आकडे नसले तर काय होतें याचें खरें उदाहरण १९९७ सालचें आहे. मीर या रशियन स्थानकावर त्या वेळीं वासिली त्सिब्लियेव्ह, अलेक्सांद्र लाझुत्किन व अमेरिकन अंतराळवीर मायकेल फोल असे तिघे जण होते. प्रोग्रेस एम-३४ हें सुमारें ७ टनांचें निर्मनुष्य मालवाहू यान स्थानकापासून सोडवून दूर नेलेलें होतें, व २५ जून रोजीं तें पुन्हां जोडून पाहण्याचा प्रयोग होता. एरव्हीं हें काम कुर्स नांवाची रडारपद्धति आपोआप करीत असे. या प्रयोगांत ती बंद ठेवण्यांत आली होती. त्सिब्लियेव्ह यांनीं मीरमध्यें बसून, प्रोग्रेसवरील कॅमेऱ्यानें पाठविलेलें चित्र पडद्यावर पाहून तें यान दुरून चालवावयाचें होतें. चित्रांत ढगांनीं भरलेल्या पृथ्वीच्या पार्श्वभूमीवर त्यांचेंच स्थानक दिसे. अंतराचा आकडा नाहीं, वेगाचा आकडा नाहीं. चित्राचा आकार किती वाढला यावरून सर्व ताडावयाचें. सोबत्यांनीं लेसरचें हातमापक घेऊन खिडकींतून यान शोधावें व अंतर सांगावें अशी योजना होती; परंतु यान खिडकींतून दिसेना, आणि दिसलें तेव्हां तें फार जवळ व फार वेगानें येत होतें. उलट झोत सोडूनहि तें थांबलें नाहीं. स्पेक्टर नांवाच्या भागावर तें आदळलें, सौरपत्रा मोडला, भिंतीस भोंक पडलें व स्थानकांतील हवा बाहेर जाऊं लागली.

पुढील कांहीं मिनिटांत लाझुत्किन व फोल यांनीं स्पेक्टरच्या दारांतून गेलेल्या विजेच्या तारा तोडून व सोडवून दार बंद केलें, म्हणून तिघे वांचले. परंतु त्या तारांबरोबर विजेचा मोठा पुरवठाहि गेला, व स्थानक धक्क्यानें गिरक्या घेऊं लागलें. गिरकीचा वेग कळल्याशिवाय ती थांबविणें अशक्य, आणि वीज गेल्यामुळें यंत्रें मुकीं. तेव्हां फोल यांनीं खिडकीशीं हात लांब करून अंगठा ताऱ्यांपुढें धरला, तारे अंगठ्यामागून किती वेळांत सरकतात हें पाहिलें, व त्यावरून वेगाचा अंदाज खालीं पृथ्वीवर कळविला. स्थानकास जोडलेल्या सोयुझ यानाच्या झोतांनीं पुढें तें स्थिर करण्यांत आलें. लांब केलेल्या हाताचा अंगठा सुमारें दोन अंश झांकतो, हें भूगोलाच्या तासास शिकलेलें मापसुद्धां यंत्रच आहे.

या अपघाताचा सर्व दोष चालकाच्या माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. ज्यास अंतर व वेग ठाऊक नाहींत त्यानें योग्य क्षणीं ब्रेक लावावा, ही अपेक्षाच चुकीची होती. शिवाय या पद्धतीचा सिम्युलेटरवर सराव करून त्यांस कित्येक महिने लोटले होते. ज्या वाचकांस शंका असेल त्यांनीं ऑर्बिटरमध्यें फलक बंद करून केवळ चित्र पाहून जोडणी करून पाहावी.

याच्या उलट वर्तन आपल्या देशाच्या स्पेडेक्स या प्रयोगांत दिसलें. ३० डिसेंबर २०२४ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुमारें २२० किलोग्रॅम वजनाचीं दोन लहान यानें वर पाठविण्यांत आलीं. दोन्ही निर्मनुष्य, म्हणून तेथें सर्व भिस्त उपकरणांवर व आधीं करून ठेविलेल्या सरावावर होती. जानेवारींत तीं २२५ मीटरांवर आणीत असतां बाजूचें वाहणें अपेक्षेहून अधिक आढळलें, म्हणजे आमच्या भाषेंत पिंवळा बाण लांब झाला. इस्रोनें दुसऱ्या दिवशीं ठरलेली जोडणी पुढें ढकलली. नंतर तीं १५ मीटर व मग ३ मीटर इतकीं जवळ आणून पाहिलीं, पुन्हां सुरक्षित अंतरावर नेलीं, मिळालेल्या माहितीचा अभ्यास केला, आणि १६ जानेवारी २०२५ रोजीं जोडणी पार पडली. अमेरिका, रशिया व चीन यांच्यानंतर हें साधणारा भारत हा चवथा देश ठरला. त्याच वर्षीं २६ जून रोजीं शुभांशु शुक्ला ज्या ड्रॅगन यानांतून आंतरराष्ट्रीय स्थानकास गेले, त्याची जोडणी आपोआप झाली. आंतील माणसें फलकावरील आकडे पाहत बसतात, व हात घालण्याची वेळ आलीच तर त्यास तयार असतात.

आतां अभ्यासाविषयीं थोडेंसें. एका वेळीं अर्ध्या तासाहून अधिक बसूं नये; थकलेला हात झोत देतो व परत घेण्यास विसरतो. जवळ वही असावी, व तींत दर खेपेस अंतर, वेग, लागलेला वेळ व उरलेलें इंधन लिहावें. पालकांनीं मुलास यान जोडलें काय, असें न विचारतां ती वही पाहावी. तेवढ्यावरून मूल खेळत होतें कीं शिकत होतें हें कळेल. कागदपेन्सिलीचा येथें उपयोग काय, असें कोणी म्हणेल. नोव्हेंबर १९६६ मध्यें जेमिनी १२ हें यान आपल्या लक्ष्याकडे जात असतां त्याचें रडार बिघडलें. त्यांतील बझ ऑल्ड्रिन यांनीं याच विषयावर १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत प्रबंध लिहिला होता. त्यांनीं सेक्स्टंट नांवाच्या कोनमापकानें लक्ष्याचे कोन मोजले, बरोबरच्या तक्त्यांवरून हिशेब केला, आणि जिम लॉव्हेल यांनीं त्या आकड्यांप्रमाणें यान लक्ष्यापर्यंत नेलें.

फलक चांगला वाचतां येऊं लागल्यावर पुढला धडा असा: पडद्यावरील स्थानकाच्या चित्रावर एक कोरा कागद लावावा, फक्त जोडणीचा फलक उघडा ठेवावा, आणि २०० मीटरांपासून दारापर्यंत चार खुणा व दोन आकडे यांवरच जावें. दाराचे आंकडे अडकल्याची सूचना फलकावर आली म्हणजे कागद काढून पाहावें, आणि उरलेल्या इंधनाचा आकडा वहींत मांडावा. पुढल्या खेपेस तीच वाट त्याहून कमी इंधनांत चालून पाहावी.